सिझेरियन : निकड आणि सवय

घरात नातवंड आल्याची वार्ता कानी पडली की ‘मुलगा की मुलगी’ हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याने विचारला जात असे. आता त्याच्याही आधी दुसराच प्रश्न येतो : ‘नॉर्मल की सिझर?’ आणि ‘सिझर’ असे उत्तर मिळाले तर कोणालाही नवल वाटत नाही. नवल वाटण्याचे कारणही उरलेले नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातील ३९.५ टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. त्याच पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, हे प्रमाण ३१.४ टक्के होते. म्हणजे दर पाच बाळांपैकी दोन बाळे आता आईच्या पोटावर छेद देऊन जगात येतात. एवढ्या अल्प काळात गोमंतकीय स्त्रीची शरीररचना बदलली असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा बदलले ते काय, याचा विचार केलाच पाहिजे.

हा विचार सुरू झाला की दोन ठरीव उत्तरे पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, डॉक्टर पैशासाठी कापतात. दुसरा पक्ष, आणि त्यात बव्हंशी सासवा आणि आज्याच असतात, म्हणतो की आजच्या मुलींना कळा सोसवत नाहीत. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश असेलही. परंतु दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत. सिझेरियन कधी अटळ असते, कधी इष्ट असते आणि कधी केवळ सोयीचे असते, हा मूळचा भेदच त्यांत पुसला जातो. तो भेद ज्यांना कळत नाही ते एक तर नको तेथे संमतिपत्रावर सही करतात, नाही तर हवी तेथे सही करायला कचरतात. आणि दोहोंचे भोग बाळंतिणीच्या वाट्याला येतात.

अटळ केव्हा, ते आधी पाहू. वार गर्भाशयाच्या मुखावरच पसरलेली असेल, तर मूल बाहेर येण्याची वाटच बंद झालेली असते. कळा सुरू होऊन मुख उघडू लागले की वार सुटते आणि रक्ताचा लोट वाहू लागतो. येथे निसर्गाची वाट पाहणे म्हणजे आई आणि मूल या दोघांवरही पाणी सोडणे होय. मूल पोटात आडवे असेल आणि फिरवूनही फिरत नसेल तर दुसरा मार्ग नाही. गर्भजलाची पिशवी फुटून बाळाच्या आधी नाळच खाली घसरली तर बाळाचा प्राणवायू तेथेच अडतो आणि मग हिशेब तासांचा नव्हे, मिनिटांचा असतो. वार वेळेआधी सुटून बाळ संकटात आले तरी तोच प्रकार. आणि सर्वांत जुने, सर्वांना ऐकून ठाऊक असलेले कारण म्हणजे बाई अडणे : बाळाचे डोके आणि आईच्या कटीरातील वाट यांचे जमत नाही, कळा येत राहतात, परंतु मूल पुढे सरकत नाही. अशी बाई दोन दोन दिवस अडून राहिली तर गर्भाशय फाटते. आणि त्यातूनही ती वाचली तर मूत्राशयाला भोक पडून जन्मभर लघवी गळत राहण्याची नामुष्की तिच्या नशिबी येते. जगाच्या ज्या भागांत वेळेवर सिझेरियन मिळत नाही, तेथे हे आजही घडते.

आपल्याकडे ही गोष्ट फार दूरच्या काळातली नाही. मांडवी आणि झुवारी या नद्यांवर जेव्हा पूल नव्हते, तेव्हा अडलेल्या बाईला तरीतून पैलतीराला नेणे हा किती जिवावरचा प्रवास असे, ते वयोवृद्ध वाचकांना आठवत असेल. वैजिणीच्या हाताला गुण होता, अनुभव होता. पण मुखावर आलेल्या वारेपुढे तिचा इलाज चालत नव्हता. पहिलटकरणीला माहेरी पाठवताना घरची वडीलधारी माणसे देवाला गाऱ्हाणे घालीत, ते उगाच नव्हे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती अलंकार म्हणून पडलेली नाही.

आणि शस्त्रक्रिया तरी तेव्हा कोठे निर्धोक होती? ज्यूलियस सीझर या मार्गाने जन्मला म्हणून तिला हे नाव पडले, ही आख्यायिका शाळेत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती खरी नसावी. त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी ही शस्त्रक्रिया मृत किंवा मरणोन्मुख स्त्रीवरच होत असे. जर्मन शल्यविशारद मॅक्स झेंगर याने १८८२ साली गर्भाशयाचा छेद टाके घालून नीट शिवण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून आई वाचण्याची आशा खऱ्या अर्थाने सुरू झाली. पुढे छेद गर्भाशयाच्या वरच्या भागाऐवजी खालच्या पातळ भागात आडवा घेण्याची पद्धत रूढ झाली. जंतुनाशक औषधे, रक्तपेढी आणि निर्धोक भूल यांची जोड मिळाली. विसाव्या शतकाने स्त्रीला दिलेल्या देणग्यांत या शस्त्रक्रियेचे स्थान फार वरचे आहे. तेव्हा सिझेरियनच्या विरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांच्या ओळीत आम्हाला बसावयाचे नाही.

प्रश्न आहे तो प्रमाणाचा. १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या परिषदेने असा अभिप्राय दिला की कोणत्याही प्रदेशात सिझेरियनचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक असण्याचे समर्थन करता येत नाही. हा आकडा पुढे तीस वर्षे वेदवाक्यासारखा उच्चारला गेला. २०१५ मध्ये संघटनेने त्याचा फेरविचार केला. प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता आणि नवजात अर्भके यांचे मृत्यू कमी होतात. त्यापुढे ते वाढले तरी मृत्यू आणखी कमी झाल्याचे दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. मात्र त्याच निवेदनात तिने हेही बजावले की अमुक टक्का गाठण्याच्या मागे न लागता जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळते की नाही हे पाहावे. हे दुसरे वाक्य आपल्याकडील चर्चेत बहुधा गाळले जाते.

कारण आपल्या देशात दोन्ही टोकांची दु:खे एकाच वेळी नांदत आहेत. त्याच पाचव्या पाहणीत साऱ्या देशाचे प्रमाण २१.५ टक्के आहे. पण बिहारचे ९.७, नागालँडचे ५.२ आणि तेलंगणाचे ६०.७. महाराष्ट्राचे २५.४. बिहारच्या खेड्यात जिला शस्त्रक्रिया हवी आहे तिच्यापर्यंत भूलतज्ज्ञ आणि रक्ताची बाटली पोहोचत नाही, तर तेलंगणात दर पाच स्त्रियांपैकी तिघी शस्त्रक्रियेच्या मेजावर जातात. सरकारी व खासगी इस्पितळांतील तफावत तर याहूनही बोलकी आहे. देशभरातील सरकारी इस्पितळांत शंभर प्रसूतींमागे चौदा सिझेरियन होतात, खासगीत सत्तेचाळीस. खासगीत जाणाऱ्या स्त्रिया वयाने थोड्या मोठ्या, अधिक सुखवस्तू असतात, आणि सरकारी आकड्यांत शस्त्रक्रियेची सोयच नसलेली लहान आरोग्य केंद्रेही धरलेली आहेत, हे मान्य केले तरी एवढ्या अंतराचा उलगडा होत नाही. उलट गुंतागुंतीच्या बाळंतिणी शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळाच्याच दारी येतात. आपल्याकडेही प्रकरण हाताबाहेर गेले की रुग्णवाहिका धावते ती बांबोळीच्या गोमेकॉकडे. बिकट प्रकरणे एकीकडे आणि शस्त्रक्रियांची गर्दी दुसरीकडे, ही विसंगती वैद्यकशास्त्राच्या पुस्तकाने सुटणारी नाही.

मग ही वाढ होते कोठे? वर सांगितलेल्या अटळ कारणांत ती होत नाही. ती कारणे पूर्वी होती तेवढीच आजही आहेत. वाढ होते ती मधल्या धूसर पट्ट्यात, जेथे थांबावे की कापावे याचा निर्णय डॉक्टरच्या धीरावर आणि घरच्यांच्या भीतीवर ठरतो.

‘प्रगती होत नाही’ हे या पट्ट्यातील पहिले कारण. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रीडमन नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने मोजमाप करून कळांच्या गतीचा एक आलेख मांडला, आणि त्यावरून गर्भाशयाचे मुख तासाला किमान एक सेंटिमीटर उघडले पाहिजे असा दंडक पडला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या बाबतीत हा वेग अवास्तव आहे. खरी जोरकस अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी आणि पहिलटकरणीला त्या अवस्थेत बारा तासांपर्यंत अवधी लागणे हे स्वाभाविक आहे. आई आणि बाळ सुखरूप असताना केवळ घड्याळाकडे पाहून पोट उघडणे याला आता शास्त्राचा आधार राहिलेला नाही. तरीही सायंकाळी दाखल झालेली मुलगी मध्यरात्रीपर्यंत मोकळी झाली नाही की बाहेर बसलेल्या नातेवाइकांची चुळबुळ सुरू होते. आणि खरे सांगायचे तर आतल्या डॉक्टरचीही.

दुसरे कारण बाळाचे ठोके. पट्टा बांधून यंत्रावर सतत ठोके नोंदण्याची पद्धत सरसकट वापरली तर शस्त्रक्रिया वाढतात. पण जोखीम नसलेल्या स्त्रियांत त्यामुळे बाळांचे मृत्यू कमी होत नाहीत, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. ठराविक अंतराने नळीने किंवा लहान डॉप्लर यंत्राने ठोके ऐकणे अशा स्त्रियांना पुरेसे असते. परंतु त्यासाठी बाळंतिणीजवळ कोणी तरी बसावे लागते, आणि बसायला माणूस नसते म्हणून यंत्र बांधले जाते. यंत्र घाबरवते, आणि घाबरलेला माणूस सुरी हाती घेतो.

मग येतात सोनोग्राफीच्या कागदावरची कारणे. ‘नाळ मानेभोवती आहे’ या तीन शब्दांनी किती घरांची झोप उडवली असेल! वस्तुत: पुष्कळ बाळांच्या मानेभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि त्यांतील बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात, तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. ‘बाळ मोठे आहे’ हा अंदाज तर दिवस भरलेल्या बाळाच्या बाबतीत दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतो. पाणी कमी असणे किंवा रक्तदाब वाढणे या गोष्टी गंभीर असू शकतात. त्यांसाठी प्रसूती लवकर करावी लागेल. परंतु प्रसूती लवकर करणे आणि शस्त्रक्रियेने करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषध देऊन कळा आणता येतात. पायाळू मुलाच्या बाबतीत आज बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियाच केली जाते, आणि त्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. तरी दिवस भरत आले असता पोटावरून हाताने मूल फिरवण्याचा प्रयत्न करता येतो आणि तो साधारणपणे निम्म्या वेळा साधतो. हा प्रयत्न आपल्यासाठी करता येईल काय, असे विचारण्याचा हक्क प्रत्येक गर्भवतीला आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खल कशाला? शस्त्रक्रिया आता सुरक्षित झाली आहे. पोट दुखेल चार दिवस, टाके सुकतील, संपले. येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. पहिले सिझेरियन पुष्कळदा निभावून जाते. त्याची किंमत दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला वसूल होते. गर्भाशयावरील जुन्या व्रणावर पुढच्या खेपेची वार चिकटली तर ती भिंतीत रुतून बसते, सोडवू गेले की रक्तस्राव आवरत नाही आणि गर्भाशयच काढावे लागते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, २००६ साली, असे आढळले की वार खाली आलेली असताना हा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी सुमारे तीन टक्के, दुसऱ्याच्या वेळी अकरा आणि तिसऱ्याच्या वेळी चाळीस टक्के असतो. आणि एकदा सिझेरियन झाले की पुढचेही सिझेरियनच, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की पहिला छेद हाच पुढच्या सर्व बाळंतपणांचा निकाल ठरतो. खरे पाहता, छेद खालच्या भागातील आडवा असेल आणि पहिल्या वेळचे कारण पुन्हा उद्भवलेले नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांतील साठ ते ऐंशी नैसर्गिकरीत्या मोकळ्या होतात. व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. तो क्षुल्लक नाही. म्हणूनच हा प्रयत्न शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असलेल्या ठिकाणीच व्हावा. परंतु तो होऊच नये, हे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

डॉक्टरांच्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. एकट्या डॉक्टरने चालवलेल्या लहान प्रसूतिगृहात रात्री तीन वाजता भूलतज्ज्ञ मिळेलच असे नाही. मग दुपारीच, सगळे हाताशी असताना, शस्त्रक्रिया उरकण्याकडे त्याचा कल झाला तर त्याला केवळ लोभ म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली; ते योग्यच झाले. तथापि, सिझेरियन केले म्हणून क्वचितच कोणी न्यायालयात खेचतो. केले नाही म्हणून मात्र खेचतो. नैसर्गिक प्रसूतीत काही विपरीत घडले तर हेच नातेवाईक इस्पितळाच्या काचा फोडतात. शिवाय बारा तास उशाशी बसण्याचे मोल कमी आणि पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेचे जास्त, हा उलटा दर समाजाने व विमा कंपन्यांनी मान्य केलेला आहे. वाट पाहण्याला पैसा मिळत नाही तेथे वाट पाहिली जात नाही.

आणि आपण स्वत:? हा मजकूर वाचणाऱ्या घरांतूनच पंचांग घेऊन डॉक्टरकडे जाणारे निघतात. मूळ नक्षत्र टळावे, अमावास्या टळावी, अमुक लग्नावर मूल जन्मावे म्हणून मिनिट ठरवून छेद देण्याची विनंती होते. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली, त्या दिवशीच आपले मूल जन्मावे अशी मागणी कानपुरातील गर्भवतींनी केल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले होते. ज्योतिषावर कोणाची श्रद्धा असावी की नसावी या वादात आम्ही पडत नाही. पण जन्मवेळ ही बाळाने आणावयाची असते, म्हणून तर तिच्यावरून कुंडली मांडतात. ती आपणच नेमून दिल्यावर त्या कुंडलीत वाचावयाचे ते काय उरले, हे ज्योतिषीबुवांनीच सांगावे. शरीरशास्त्राचे उत्तर मात्र स्वच्छ आहे. पोटातील शेवटचे आठवडे बाळाची फुप्फुसे पिकण्याचे असतात. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ठरवून केलेल्या पुनरावृत्त सिझेरियनांच्या अभ्यासात ३७ व्या आठवड्यात काढलेल्या शंभर बाळांपैकी पंधरांना श्वसनाचा अथवा अन्य त्रास झाला. ३८ व्या आठवड्यात अकरांना. ३९ व्यात आठांना. मुहूर्ताच्या मोहात दोन आठवडे आधी काढलेले मूल काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर त्याचे ग्रह उच्चीचे असून काय उपयोग?

कळांच्या भीतीने शस्त्रक्रिया मागणाऱ्या मुलींविषयी मात्र आम्हाला टवाळी करावीशी वाटत नाही. त्यांना त्या भीतीत एकटे सोडले आहे ते आपणच. माहेरच्या बाळंतपणात आई, मावशी, वैजीण अशी दोन-तीन माणसे कंबर चोळायला असत. आता आपण त्या मुलीला परक्या खोलीत झोपवतो, आईला बाहेरच्या बाकावर बसवतो आणि तिने धीर धरावा अशी अपेक्षा करतो. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण कमी राहते, हे अनेक देशांतील प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी नात्यातील एका स्त्रीला सोबत राहू द्यावे अशी सूचना काढली. पाठीत औषध सोडून कळांची वेदना कमी करण्याची पद्धतही आहे, आणि तिच्यामुळे सिझेरियन वाढत नाही. ती किती प्रसूतिगृहांत खरोखर मिळते याची चौकशी जाणत्यांनी करावी.

सरकारने काय करावे? २०१७ साली तत्कालीन केंद्रीय महिला व बालविकासमंत्री मनेका गांधी यांनी इस्पितळांनी आपले सिझेरियनचे आकडे जाहीर करावेत असा आग्रह धरला होता. कल्पना चांगली, पण नुसता टक्का फलकावर लिहून भागत नाही. बिकट प्रकरणे स्वीकारणारे इस्पितळ त्यात उगाच बदनाम होईल आणि ती परतवून लावणारे साळसूद ठरेल. याला उपाय आहे. आयर्लंडमधील डॉ. मायकेल रॉबसन यांनी २००१ साली सर्व बाळंतिणींची दहा गटांत विभागणी सुचवली, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही तिचा पुरस्कार करते. पहिल्या गटात येते पहिलटकरीण, जिचे दिवस भरले आहेत, एकच मूल आहे, त्याचे डोके खाली आहे आणि कळा आपोआप आल्या आहेत. या मुलींपैकी किती जणींना छेद गेला, एवढा एकच आकडा प्रत्येक सरकारी आणि खासगी इस्पितळाने दर वर्षी प्रसिद्ध केला तरी पुष्कळ गोष्टी उघड्या पडतील. गोवा हे छोटे राज्य आहे, येथील जवळजवळ सर्व प्रसूती इस्पितळांतच होतात, आणि १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. हे काम आपल्याला अवघड जाऊ नये. प्रशिक्षित सुईण-परिचारिकांची योजना केंद्राने २०१८ मध्ये आखली, तेलंगणाने त्याआधीच तिची सुरुवात केली. बाळंतिणीच्या उशाशी बसणारे माणूस निर्माण करण्याचा तोच मार्ग आहे. त्याचबरोबर काणकोण आणि सत्तरीसारख्या तालुक्यांतून अडलेल्या बाईला शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हेही त्याच अहवालात आले पाहिजे. कमी छेदांच्या नादात एकही निकडीचा छेद उशिरा होता कामा नये.

आणि एक लहानशी मागणी, जिला खर्च नाही, कायदाही लागत नाही. सिझेरियन झालेल्या प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना एक कागद मिळावा. त्यावर तिला वाचता येईल अशा मराठीत किंवा कोंकणीत लिहिलेले असावे की शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने झाली, गर्भाशयावरील छेद आडवा आहे की उभा, आणि पुढच्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल किंवा नाही. दोन-तीन वर्षांनी ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरसमोर, पुन्हा दिवस भरत आलेली बसेल, तेव्हा पोटावरचा व्रण पाहून आतला छेद कसा आहे हे त्या डॉक्टरला कळणार नाही. कागद पाहून कळेल.